पातळी ओळखा, मग कुदळ मारा

ड्वार्फ फोर्ट्रेस खेळायला बसलेला नवा माणूस बहुधा एकाच ठिकाणी अडतो. गवत, झाडं, नदी, गाडीभोवती उभे असलेले सात बुटके, सगळं नीट दिसत असतं. तेवढ्यात माऊसचं चाक फिरतं आणि पडद्यावर नुसता काळोख उरतो. चाक उलटं फिरवलं तर झाडांचे शेंडे दिसतात आणि जमीन धुक्यात गेल्यासारखी वाटते. खेळ बिघडला, असं समजून कित्येक जण तिथेच सोडून देतात.

बिघडलेलं काहीच नसतं. या खेळातलं जग एकावर एक रचलेल्या आडव्या थरांचं आहे आणि पडदा एका वेळी त्यातला एकच थर दाखवतो. खेळाडू या थराला ‘झेड लेव्हल’ म्हणतात. मी इथे पातळी म्हणेन. स्टीमवरच्या आवृत्तीत चाक फिरवलं की तुम्ही एक पातळी वर किंवा खाली जाता. दृश्य लहानमोठं करायचं असेल तर कंट्रोलचं बटण दाबून चाक फिरवावं लागतं. काळा दिसतो तो अजून कुणी न खणलेला, न पाहिलेला दगड. धूसर दिसते ती मोकळ्या हवेतून दिसणारी खालची जमीन.

एवढं कळलं तरी खरी अडचण पुढेच आहे. पातळ्या बदलता येणं वेगळं आणि पातळ्या मनात एकावर एक उभ्या करता येणं वेगळं. दुसरी गोष्ट आपल्या भंडारा-गोंदिया भागातल्या मुलामुलींना लवकर जमेल, असं मला मनापासून वाटतं. कोहमाऱ्याच्या चौकातून दक्षिणेचा रस्ता धरला की नवेगावबांध येतं. वाटेत जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या, मधूनमधून बोड्या आणि तलाव. कोणत्या बांधीत पाणी आधी येतं, धुऱ्याला कुठे तोंड पाडलं की खालची बांधी भरते, तलावाचं तुडुम उघडलं की पाणी कुठवर जाईल आणि कुठे चढणार नाही, हे इथलं पोर शाळेत जायच्या आधी शिकतं. ही नजर या खेळात जशीच्या तशी कामाला येते. म्हणून पातळ्या शिकण्यासाठी मी एकच काम सुचवतो. खेळात एक तलाव बांधा.

त्याआधी एक टाइल नीट पाहू. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

जमिनीचा प्रत्येक चौकोन म्हणजे एक टाइल. टाइलला दोन भाग असतात, तळ आणि तळावरची जागा. ती जागा मोकळी असेल, तिथे घन दगड असेल किंवा पाणी असेल. घन दगड असेल तर त्याला भिंत म्हणायचं. भिंतीचा माथा म्हणजेच बरोबर वरच्या पातळीवरच्या टाइलचा तळ. तुम्ही ज्या गवतावर उभे आहात ते खालच्या पातळीवरच्या मातीच्या भिंतीचं डोकं आहे. आता खालच्या पातळीवर जाऊन ती भिंत साधी खणून काढली, तर तिथे खोली होते, पण वरचा तळ शाबूत राहतो. तोच त्या खोलीचा स्लॅब. वरचा माणूस पडत नाही आणि खालच्या खोलीत ऊनही येत नाही. खोलीवर खोली, तिच्यावर आणखी खोली, असं हवं तितकं खणा. मधले तळ राहतातच.

तळ काढायचा असेल तर साधं खणणं उपयोगाचं नाही. त्यासाठी ‘चॅनल’ हा वेगळा हुकूम आहे. चॅनल तुम्ही वरच्या पातळीवर आखता, पण त्याचा परिणाम दोन पातळ्यांवर होतो. वरचा तळ जातो आणि खालच्या भिंतीचा उतार, म्हणजे रॅम्प, होतो. नवख्यांची निम्मी फसगत इथेच होते. त्यांना खड्डा हवा असतो आणि ते साधं खणायला सांगतात. किंवा तळघर हवं असतं आणि चॅनल आखून घराच्या मधोमध भोक पाडतात. हुकूम देण्याआधी एकच प्रश्न विचारा. मला खालची भिंत काढायची आहे की माझ्या पायाखालचा तळ?

चॅनलचा आणखी एक परिणाम कायमचा असतो. एखाद्या टाइलवर एकदा आकाश उघडं पडलं की खेळ ती टाइल उजेडातली धरतो. नंतर वरून छत घातलं तरी ती पुन्हा भूगर्भातली होत नाही. भूगर्भातली पिकं तिथे येत नाहीत, उघड्यावरची येतात. शेतीच्या खोलीवर चॅनल मारताना हे ध्यानात असू द्या.

खालीवर जायला वाटा दोनच, जिना आणि उतार. जिन्याचं गणित सोपं आहे. खालच्या टाइलवर वर जाणारा जिना हवा आणि बरोबर तिच्या डोक्यावरच्या टाइलवर खाली जाणारा. एक टाइल बाजूला सरकली तरी दोन्ही जिने निरुपयोगी. नव्या आवृत्तीत एका पातळीवर सुरुवात करून चाकाने खाली उतरून शेवट आखला, की मधले सगळे जिने खेळ स्वतःच नीट जुळवतो, त्यामुळे ही चूक फारशी होत नाही.

उताराचं तसं नाही. उतार म्हणजे भिंतीला टेकवलेला मातीचा ढीग. त्यावरून चढून माणूस भिंतीच्या माथ्यावर, म्हणजे वरच्या पातळीवर पोचतो. म्हणून उताराला तीन गोष्टी लागतात. शेजारी त्याच पातळीवर भिंत हवी, त्या भिंतीच्या डोक्यावर पाय ठेवायला जागा हवी आणि उताराच्या बरोबर वरची टाइल मोकळी हवी. शेजारची भिंत खणून टाकली की उतार दिसतो पण कामाचा राहत नाही. वरून कुणी फरशी घातली तरी तेच. ‘रॅम्प आहे, पण माणसं वर जात नाहीत’ अशी अडचण आली की या तिन्ही गोष्टी क्रमाने तपासा. दोष त्यातच सापडतो.

या पातळ्या खेळात पहिल्यापासून नव्हत्या. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी ड्वार्फ फोर्ट्रेस लोकांसमोर आणला तो ऑगस्ट 2006 मध्ये. तेव्हाचं जग सपाट होतं. डोंगराच्या कड्यातून सरळ आडवं आत खणत जायचं; आधी भूगर्भातली नदी लागायची, मग खोल दरी, मग लाव्हा. ऑक्टोबर 2007 च्या अखेरीस पातळ्या आल्या आणि खेळ मुळापासून बदलला, कारण त्या दिवसापासून पाण्याला ‘खाली’ ही दिशा मिळाली. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. मार्कस पर्सनने माइनक्राफ्ट घडवला तेव्हा त्याच्यासमोर जे खेळ होते त्यात हाही होता. चित्रं आणि माऊस असलेली स्टीमवरची आवृत्ती आली ती 6 डिसेंबर 2022 रोजी. विकत घ्यायची नसेल तर अक्षरं आणि चिन्हांची जुन्या धाटणीची आवृत्ती निर्माते आजही फुकट देतात. एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही आणि भारी ग्राफिक्स कार्डही लागत नाही.

आता तलाव.

आपल्याकडचा तलाव कसा असतो ते आधी आठवा. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देवपण दिलं. त्या माणसाने तळं खणलं नाही. डोंगरांनी आधीच वेढलेली जागा हेरली आणि जिथून पाणी निसटत होतं तिथे मातीची पार घातली. पाणी कुठल्या उंचीवर थांबेल, जादा पाणी सलंगीवरून कुठे पडेल, तुडुमातून निघालेलं पाणी कोणत्या जमिनीपर्यंत पोचेल, हे सगळं पार घालायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर तलाव उभाच राहत नाही. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांमागे हेच ज्ञान आहे. त्यांच्याकडे आजच्यासारखी यंत्रं नव्हती. पातळीची जाण मात्र पक्की होती.

खेळात पार घालण्यापेक्षा खणणं सोपं, म्हणून आपण खणू. चौकटीच्या वहीची तीन पानं घ्या. पहिल्यावर 0 लिहा, दुसऱ्यावर −1, तिसऱ्यावर −2. 0 म्हणजे गवताची पातळी, जिथे तुमची गाडी उभी आहे. नदी असलेली जागा निवडली असेल तर नदीचं पाणी −1 वर असतं, काठ 0 वर. तिन्ही पानांवर एकाच जागी, समजा नदीपासून पाच चौकोन सोडून, 10 बाय 6 चा आयत काढा. तोच तुमचा तलाव. पानं एकावर एक धरून उजेडासमोर न्या, आयत एकमेकांवर बसले पाहिजेत. हा कागदाचा व्याप वाटेल, पण पातळ्या डोक्यात बसवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

खणायला सुरुवात वरून. 0 वर पूर्ण आयतावर चॅनल आखा. खाणकाम संपलं की −1 वर 60 टाइलचा खड्डा होईल. काही उतार उरले असतील ते राहू द्या, माणसांना वर यायला तेच लागतील. मग −1 वर जाऊन पुन्हा चॅनल आखा, पण या वेळी कडेची एक रांग सोडून, म्हणजे आत 8 बाय 4. आता −2 वर 32 टाइलचा खोल भाग तयार झाला आणि भोवती −1 वर एक पायरी राहिली. खऱ्या तलावाचाही पोटाकडचा भाग खोल आणि कडा उथळ असतात.

तलावापासून नदीपर्यंतची पाच टाइलची नहर −1 वर साधी खणा. वरचं गवत तसंच राहील. पण नदीला लागून असलेली शेवटची टाइल खणू नका. आधी नहरेत मध्येच एक फ्लडगेट बसवा. मग कोरड्या जागी, शक्यतो 0 वर, एक लिव्हर उभा करून तो फ्लडगेटला जोडा. लिव्हर उभारायला एक आणि जोडणीला दोन, अशी तीन यंत्रं म्हणजे मेकॅनिझम लागतील, ती आधी करून ठेवा. फ्लडगेट बांधल्याबरोबर बंदच असतं. आता शेवटची टाइल. ती −1 वरून खणली तर नदीचं पाणी थेट खाणकामगाराच्या अंगावर येईल. म्हणून 0 वर जाऊन तिच्या डोक्यावर चॅनल आखा. माणूस गवतावर उभा राहील, खालची भिंत फुटेल आणि पाणी फ्लडगेटपर्यंत येऊन थांबेल. तलावात कुणी राहिलेलं नाही याची खात्री करून लिव्हर ओढायला सांगा. फाटक लगेच उघडत नाही, थोडा वेळ लागतो. घाबरून पुन्हा लिव्हर ओढू नका.

पाणी आलं की पातळ्यांवर वरखाली करत बघत राहा. हा भाग मला सगळ्यात आवडतो. खेळात पाण्याची खोली 1 ते 7 अशी मोजतात. 7 म्हणजे टाइल काठोकाठ. 3 पर्यंत माणूस चालत जातो. 4 पासून पोहावं लागतं, म्हणून माणसं ती वाट टाळतात. आधी −2 वर सगळीकडे 1, मग 2, मग 3. कुठे जास्त कुठे कमी, पण हळूहळू सारखं होत जातं. −2 वर सगळीकडे 7 झाल्यावरच −1 वर पाणी उभं राहायला लागतं. पाणी आधी सगळ्यात खालची जागा घेतं, हे इथे टाइलीटाइलीने दिसतं.

तलाव −1 वर भरला की पाणी आपोआप थांबेल, 0 वर येणार नाही, कारण नदीच −1 वर आहे आणि पाणी आपल्या उगमाच्या पातळीच्या वर चढत नाही. म्हणून नदीवरच्या या तलावाला सलंग लागत नाही. आपल्या गावच्या तलावाला लागते, कारण तिथे पाणी आभाळातून येतं आणि आभाळाला पातळी नाही. पंप लावून नदीपेक्षा उंचावर तळं भरायचं ठरवलं, तर मात्र खेळातही जादा पाण्याची वाट आधी करावी लागेल. दगडात, नकाशाच्या अगदी कडेपर्यंत, भुयार न्यायचं, शेवटची भिंत घासून तिच्यात ‘फोर्टिफिकेशन’चे झरोके कोरायचे. पाणी त्यातून नकाशाबाहेर निघून जातं.

आता तुडुम, आणि इथे जपून. तलावाच्या तळातून, −2 वरून, बाजूला भुयार काढून −2 वरच्याच शेताच्या खोलीत पाणी न्यायचं आहे. दगडी जमिनीवर या खेळात पेरता येत नाही. पाणी फिरवून चिखल बसवला की येतं. म्हणून हे काम उपयोगाचं. भुयाराच्या तोंडाशी, तलाव भरण्याआधीच, दुसरं फ्लडगेट बसवा. पण लक्षात घ्या, भुयार −2 वर आहे आणि तलावातलं पाणी −1 वर उभं आहे. वरच्या पाण्याचा जोर खालच्या पाण्यावर आहे. फाटक उघडं राहिलं तर शेताची खोली भरेल आणि त्या खोलीतून वर जाणारा जिना असेल तर पाणी जिन्याने −1 वर चढेल. −1 वर माणसांच्या झोपायच्या खोल्या असतील तर त्याही बुडतील. ‘पाणी वर कसं चढलं?’ असं विचारणाऱ्यांचे किल्ले बुडाले आहेत ते बहुधा याच कारणाने.

यावर उपाय फार सुंदर आहे. या खेळात पाण्याचा जोर तिरक्या जोडातून पुढे जात नाही. भुयार सरळ नेण्याऐवजी एका ठिकाणी असं खणा की दोन टाइल फक्त कोपऱ्याने कोपऱ्याला लागतील. पाणी कोपऱ्यातून वाहतं, पण जोर तिथेच संपतो. पलीकडे ते −2 वर 7 पर्यंत भरेल, त्याच्या वर चढणार नाही. खऱ्या जगात असं होत नाही, हा खेळाचा स्वतःचा नियम आहे; पण एकदा समजला की तुमचा किल्ला बुडणार नाही.

तलाव झाला की विहीर सोपी. तलावाकडून एक टाइलचं भुयार आत आणून −2 वर पाणी उभं करा, त्याच्यावर −1 चा तळ चॅनलने काढा आणि त्या मोकळ्या टाइलवर विहीर बांधा. बादली खाली जाईल, माणूस जागचा हलणार नाही. विहिरीखालच्या पाण्याला तिरका जोड दिला नसेल तर विहिरीतूनच खोलीत पाणी येऊ शकतं, तेव्हा इथेही तो कोपरा विसरू नका.

छत कोसळण्याची भीती अनेकांना वाटते, त्याबद्दल थोडक्यात. आठ-दहा खांब नसले तरी खोली पडत नाही. एखादा भाग सरळ बाजूने, वरून किंवा खालून, एका टाइलने जरी बाकीच्या जगाला जोडलेला असेल तरी तो उभा राहतो. कोपऱ्याचा जोड मात्र धरला जात नाही. चॅनल मारत चहूबाजूंनी एखादं बेट सुटं केलं की ते खालचं सगळं घेऊन कोसळतं आणि धुळीने माणसं बेशुद्ध पडतात. तलाव खणताना मधोमध खांब सोडून सगळीकडे चॅनल मारायची हौस असेल, तर तो खांब खालून जोडलेला आहे ना, ते −2 वर जाऊन पाहा.

खाली खणत जाताना खेळ कधी स्वतःच थांबतो आणि ओलसर दगड सापडल्याचं सांगतो. ती सूचना गंभीरपणे घ्या. शेजारी किंवा डोक्यावर पाणी आहे असा तिचा अर्थ. बहुतेक वेळा तुमचाच तलाव असतो. एक पातळी वर जाऊन वहीतल्या पानाशी ताडून पाहा. तुमचा नसेल तर तो पाझरणारा थर आहे आणि हलका थर असेल तरच नवख्याने त्यात हात घालावा. जागा निवडताना जड पाझराचा थर असलेली जागा पहिल्या किल्ल्यासाठी टाळलेली बरी. आणखी खाली गेलात तर नैसर्गिक गुहांचे तीन मोठे थर लागतात. त्यात पाणी, झाडं आणि नको असलेले पाहुणे असतात. तिथे पोचण्याआधी जिन्याला बंद करता येईल असं दार ठेवा.

संगणकाचाही विचार करा. चार बाय चारची जागा निवडली की एका पातळीवर 192 बाय 192, म्हणजे 36,864 टाइल होतात. अशा शंभर पातळ्या धरल्या तर टाइलांची संख्या 36 लाखांच्या पुढे जाते. वाहतं पाणी संगणकाला फार काम लावतं, कारण प्रत्येक टाइलमधलं पाणी कुठे सरकेल याचा हिशेब सतत चालू असतो. साधा लॅपटॉप असेल तर तीन बाय तीनची जागा घ्या, तलाव भरला की नदीकडचं फाटक बंद करा आणि पाणी शांत होऊ द्या.

पातळ्यांमध्ये वाट चुकू नये म्हणून एक सवय लावून घ्या. गाडीची जागा, तलाव, शेताची खोली अशा चार-पाच जागा हॉटकीवर साठवून ठेवा. कळ दाबली की खेळ तुम्हाला त्या जागी नेतो, पातळीसकट. मग काळोखात चाक फिरवत ‘मी आता कुठे आहे’ हे शोधावं लागत नाही.

हे जमलं की दुसरे खेळ अवघड जात नाहीत. माइनक्राफ्टमध्ये 1.18 पासून जग −64 ते 320 उंचीचं आहे, पण तिथे तुम्ही आतून, डोळ्यांच्या उंचीवरून पाहता, म्हणून पातळ्या लगेच कळतात. पाण्याचे नियम मात्र निराळे आहेत, जोर असा नाहीच. ‘कॅटाक्लिझम : डार्क डेज अहेड’ मध्ये ड्वार्फ फोर्ट्रेससारखाच एकेक थर पाहावा लागतो, जमिनीच्या दहा पातळ्या वर आणि दहा खाली.

पहिला तलाव नीट भरला की दुसऱ्या किल्ल्यात खणण्याऐवजी पार घालून पाहा. दोन टेकड्यांमधली खोलगट जागा शोधा आणि दगडी भिंत बांधा. बांधलेल्या भिंतीच्या डोक्यावरही वरच्या पातळीचा तळ आपोआप तयार होतो, त्यामुळे तिच्यावर उभं राहून पुढची भिंत चढवता येते. माणसांना तिथवर जायला बाजूला जिना ठेवा. पाणी पारीच्या कोणत्या पातळीपर्यंत येईल ते आधी वहीत काढा आणि त्याच्या एक पातळी वरपर्यंत भिंत न्या. पंपाने पाणी चढवणार असाल तर सलंगीची जागाही त्याच वेळी, पारीच्या टोकाला, कड्याच्या बाजूने सोडून ठेवा.